वाडीला न्यायचा नारळ

थोरल्या भावाला दवाखान्यात ठेवून महिना होत आला होता. डोक्यात रक्तस्राव झाला होता आणि तो शुद्धीवर येत नव्हता. शंभरात किती जण यातून उठतात, असं मी डॉक्टरांना विचारलं. असा हिशेब सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मला दुसरा कुठला कळत नाही, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

श्रावणातल्या एका शुक्रवारी वहिनीनं एक नारळ भावाच्या कपाळाला लावून माझ्या हातात दिला. तो नरसोबाच्या वाडीला चालत नेऊन दत्तापुढं ठेवायचा आणि वाटेत जमिनीला टेकवायचा नाही.

"एस्टीत बसायचं न्हाय हं भावजी," ती म्हणाली. "देवाला कळतंय."

तिची सगळी आशा आता त्या नारळावर होती. माझा नवसावर विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. त्या महिन्यात मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मोबाइल अजून आमच्यापर्यंत आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. दोन मित्र बरोबर आले. एक टेंपो चालवायचा. दुसरा गडहिंग्लजकडचा लिंगायत, आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार. तो वहिनीला अक्का म्हणायचा. शनिवारी पहाटे आम्ही उचगावच्या बाजूनं निघालो. पाऊस रात्रीपासून लागून होता आणि थांबेल असं वाटत नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पाण्यानं भरलेला रस्ता. नारळ आळीपाळीनं धरत होतो. तासाभरात चपला हातात घ्याव्या लागल्या. पुढं पाय गार पडले आणि दुखायचेही थांबले. चालणं चालू होतं एवढंच.

"किती राहिलं?" टेंपोवाला दर थोड्या वेळानं विचारायचा.

मी कोसळत्या पावसात किलोमीटरचा दगड शोधून आकडा सांगायचो.

"गाडीत बसलो की हेच अंतर दिसत न्हाय बघ," तो म्हणाला. "पाय लावला की वाढतंय."

"तुझं डिझेल वाचलं की," दुकानदार म्हणाला.

हुपरीच्या अलीकडं एका गावात मारुतीचं देऊळ लागलं. श्रावणी शनिवार असल्यामुळं दारात गर्दी होती. लोक गुरवाच्या हातात नारळ देत होते आणि तो उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडून खोबरं प्रसाद म्हणून वाटत होता. आम्ही ओट्यावर चढलो. मी धोतर पिळायला बाजूला गेलो. नारळ टेंपोवाल्याकडं होता. त्याला रेनकोट काढायचा होता आणि नारळ खाली ठेवायचा नव्हता. त्यानं तो समोरच्या गुरवाकडं दिला आणि म्हणाला, "हे जरा घ्या."

गुरवानं घेतला आणि फोडला.

मी परत येईपर्यंत खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले होते. एक म्हातारा मला हात धरून म्हणाला, "घ्या पावणं, परसाद. कुठनं आलासा?" मी तुकडा तोंडात टाकला. चावताना टेंपोवाल्याचं तोंड बघितलं आणि मग कळलं.

"त्यांनी धरायला दिलता व्हय?" गुरव म्हणाला. "मला वाटलं, मारुतीला दिला. आज दारात कोण नारळ धरायला देतंय?"

त्याचं खरं होतं. टेंपोवाला खांबाला टेकून खाली बसला. दुकानदार म्हणाला, "दुसरा घेऊन जाऊ. अक्काला कुठं कळतंय?" मी एसटीडीचा पिवळा बोर्ड शोधला आणि दवाखान्याला फोन लावला. वहिनीला खाली बोलवायला वेळ गेला. मी झालं ते सांगितलं.

ती म्हणाली, "मारुतीपुढंच फुटला न्हवं?"

"व्हय."

"त्यातला तुकडा हाय का एखादा?"

दुकानदाराची दाढ दुखत होती, म्हणून त्यानं आपला तुकडा खिशात टाकला होता. मी मागं वळून विचारल्यावर त्यानं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. ओला, तंबाखूची पूड लागलेला.

"हाय," मी म्हणालो.

"मग तोच न्या."

रात्री इचलकरंजीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर वाडीला पोचलो. कृष्णेचं पाणी देवळात शिरलं होतं. उत्सवमूर्ती वर मठात नेली होती आणि पूजा तिथंच चालू होती. पुजाऱ्यानं तुकडा बघितला, काही विचारलं नाही, मूर्तीपुढं ठेवून परत दिला. मी नमस्कार केला. मागायचं ते आठवेना.

येताना एसटीनं आलो. भाऊ होता तसाच होता. वहिनीनं तुकडा त्याच्या ओठांना नुसता लावला आणि मग स्वतः खाल्ला, सावकाश.

"सगळं चालतच गेलासा न्हवं?"

"व्हय."

"मग झालं."

गणपतीच्या आधी भाऊ गेला. मला रडू आलं नाही. दिवसांना टेंपोवाला आला आणि वहिनीपुढं हात जोडून उभा राहिला.

"माझ्या हातनं झालं ते, वहिनी."

"तुम्ही काय केलासा?" ती म्हणाली. "शनिवारी मारुतीच्या दारात नारळ दिला की फोडत्यातच. बसा, जेवून जावा."

तो बसला. तिनं त्याला स्वतः वाढलं.