फळ्यासमोरची गर्दी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, अशी तिची समजूत आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी विश्रामबागचा, सांगलीत वाढलेला, आणि नोकरी लागली ती वडूजच्या एका वाचनालयात. एक खोली, खानावळीतली पातळ आमटी, आणि बोलायला कुणी नाही. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर मी रोज सकाळी लिहू लागलो — दोन बातम्या, आणि खाली चार ओळी माझ्या स्वतःच्या. कुणी सांगितलं होतं का? नाही. मग का लिहायचो? खरं सांगू — कुणीतरी थांबावं म्हणून.

कुणी थांबायचं नाही. बाजाराच्या दिवशी लोक फळ्याला पाठ टेकून एसटीची वाट बघायचे आणि माझी वाक्यं सदऱ्यावर घेऊन गावाला जायचे. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. एकटेपणा एकट्यानं सोसता येतो हो, पण चारचौघांत कुणी ढुंकून बघत नाही, तो एकटेपणा फार वाईट.

एकच माणूस वाचायचा. अण्णा — लष्करातून हवालदार होऊन परतलेले. एकाहत्तरच्या लढाईत अण्णा आघाडीवर होते, असं गाव मानायचं. पंधरा ऑगस्टला तालमीपुढचा झेंडा त्यांच्याच हातनं चढायचा. ते रोज संध्याकाळी यायचे, चष्मा लावायचे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे. "ब्येस लिवलंय, सर," म्हणायचे आणि जायचे.

एकदा मी चिडून म्हणालो, उद्यापासून बंद. कुणासाठी लिहायचं? अण्णा पायरीवर बसले. मग हळूच त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. ते लढाईत होते, पण भटारखान्यात. बंदूक कधी चालवलीच नाही. "रोज कणीक मळायची. कोन खातंय, कोन जेवायच्या आदीच गेलं, कळायचं न्हाई. म्हनून काय चूल इझवायची? तुमी लिवा, सर."

मला उभारी यावी म्हणून त्या माणसानं आपली झाकली मूठ माझ्यापुढं उघडली. आणि मी — इथं माझी जीभ अडते, अजूनही — मी काय केलं?

तीन-चार आठवडे लिहिलं. पुन्हा तेच, पुन्हा पाठी. मग एका बाजाराच्या सकाळी काही सुचेना, आणि हात आपोआप चालला. आपल्या गावात एक असे शूर हवालदार आहेत, ज्यांनी लढाईत फक्त लाटणं चालवलं. बास, एवढंच. नाव घातलं नाही. पण वडुजात झेंडा चढवणारे हवालदार असे किती होते?

लोक थांबले. एकमेकांना हाका मारून दाखवू लागले. दुपारपर्यंत फळ्यासमोर ही गर्दी. मला लाज वाटली का? नाही. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं लोक वाचत होते, आणि मी आत खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होतो.

संध्याकाळी अण्णा आले. चष्मा लावला. शेवटपर्यंत वाचलं, रोजच्यासारखं. मग दारात येऊन इतकंच विचारलं, "ह्ये कुणी लिवलं, सर?"

मी म्हणालो, मला काय माहीत? मी जेवायला गेलो तेव्हा कुणीतरी खडू उचलून लिहून गेलं असेल.

माझं अक्षर रोज वाचणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "व्हय, आसंल," म्हणाले. मला खोटं पडू दिलं नाही त्यांनी. पुन्हा ते फळ्याकडं आले नाहीत. पोरं त्यांना 'लाटणं' म्हणू लागली. पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडा दुसऱ्याच कुणीतरी चढवला.

माझा फळा मात्र चालला. लोकांना सवय लागली होती. गावात कुणी वारलं, की घरची माणसं येऊन फळ्यावर लिहायला सांगायची, इतका चालला.

अण्णा गेले तेव्हा त्यांचा मुलगा आला. मी खडू घेऊन उठलोच. तो म्हणाला, "न्हाई सर, त्येच सांगाय आलोय. म्हातारं बोलून गेलंय — आमचं काय फळ्यावर लिवू नगा."

तो गेला. मी काय केलं? फळा पुसला आणि विनोद लिहिला. चांगला जमला होता. लोक थांबले, हसले, आणि किती जण थांबलेत ते मी खिडकीतून बघत होतो.