कमूला पाणी नाही

कमूला ठसका लागेनासा झाला तेव्हा वांगणीच्या पाड्यावर सगळ्यांना बरं वाटलं. तिचा नवरा सुकऱ्या मात्र धास्तावला.

लकव्यानं कमूची उजवी बाजू गेली, त्याला महिना होत आला होता. आधी पाण्याचा घोट घेतला की ती खोकून खोकून निळी पडे. आता शेजारची गोजाबाई वाटीनं पाजी आणि पाणी गुपचूप उतरे.

"बघ, देवानं घसा मोकळा केला," गोजाबाई म्हणाली.

सुकऱ्यानं वाटी काढून घेतली. कमूच्या अंगात ताप होता. पाणी प्यायल्यावर तिचा आवाज ओला, घुरघुरता येई.

मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्यानं अकरा वर्षं जनावरं सांभाळली होती. माणसाचं गिळणं का बिघडतं हे कळावं म्हणून तिथे डुकराच्या पिल्लांच्या घशातली एक नस कापत. दुधात औषधी पूड कालवून पिल्लाला बाटली लावायची, हे सुकऱ्याचं काम. मग एक्स-रेच्या पडद्यावर दुधाची धार दिसे. एका पिल्लाचं दूध थेट श्वासाच्या नळीत गेलेलं त्यानं पाहिलं. पिल्लू खोकलं नाही. शेपटी हलवत पीतच राहिलं. पाचव्या दिवशी गेलं.

"पानी नको पाजूस, गोजा. मी नागलीची पेज घट्ट करून भरवतो."

"डुकरांना बाटलीनं दूध पाजलंस, आन् बायकूला पानी नाय? वा रं नवरा!"

जव्हारच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि तेही म्हणाले, पातळ ते फुफ्फुसात उतरतंय, घट्टच द्या, हनुवटी खाली करून, चमचा चमचा. पण आजाऱ्याला दोन घोट पाजल्याशिवाय उठायचं नाही, ही पाड्याची रीत. पाजू देत नाही म्हटल्यावर माणसं येईनाशी झाली. गोजाबाई दारावरून जाताना पदर तोंडाशी धरी.

दोन आठवड्यांनी ताप उतरला. पण हे ज्याला सांगावं असं तिसरं कुणी आता घरात येत नव्हतं. आणि कमूला ताप उतरल्याचं काही नव्हतं, तिला पाणी हवं होतं. डावा हात हंड्याकडे करून ती नुसती बघत राही. त्यानं हंडा घरामागे नेऊन ठेवला, त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडे बघणं सोडलं. पेजेला तोंड तेवढं उघडी, डोळे भिंतीकडे.

तहान लागली की सुकऱ्या घरामागे जाई. कुडाला पाठ लावून, घशाचा आवाज होऊ न देता पिई, आणि तोंड पुसूनच आत येई.