भाऊ आत हायेत

त्या सकाळी दारव्ह्याच्या रस्त्याला लागतानाच्या नाक्यावर बादल राठोड खरं बोलला असता, तर एका चलानावर सुटला असता. पण खरं बोलायची सवय मोडून त्याला दोन वर्षं होत आली होती.

वाहतूक पोलिसातल्या दीपा मॅडमनी हात दाखवून पांढरी स्कॉर्पिओ थांबवली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि काचांच्या आत अमावस्या. मॅडमनी ड्रायव्हरकडची काच बोटानं वाजवली. काच चार बोटं खाली आली.

"कोणाची गाडी?"

"बबनराव भाऊची. माजी सभापती."

"भाऊ आत हायेत?"

"हायेत न," बादल म्हणाला.

हे त्यानं विचार करून सांगितलं नव्हतं. शिंक यावी तसं ते तोंडातून आलं.

"बरं झालं बाई. आमच्या बाबाची विहीर भाऊनंच मंजूर करून देल्ली होती. नमस्कार तरी करते," म्हणत मॅडमनी मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर गुरांसाठी घेतलेल्या सरकी ढेपेची दोन पोती होती. दोन्ही पोत्यांच्या मधोमध, पडू नये म्हणून सीटबेल्ट लावून बसवलेली, कमोडची एक नवी खुर्ची होती. मॅडमचे हात जोडलेले होते. ते त्यांनी थोडा वेळ तसेच ठेवले.

"हे भाऊ होय?"

"नाही मॅडम."

"मंग खोटं काहून बोलला?"

खोटं बोलणं हीच आपली नोकरी आहे, हे नाक्यावर उभ्या उभ्या समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

मग मॅडमनी कायदा सांगितला. त्या शांतपणे सांगत होत्या, त्यामुळे बादलला जास्त भीती वाटली. काच कंपनीतून जशी येते तशीच ठेवायची. वरून फिल्म चिकटवायची नाही. काळी नाही, निळी नाही, जाड नाही, पातळही नाही. सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच सांगून ठेवलं आहे.

"तवा मी दहावीत होतो मॅडम."

"मंग? निकाल लागल्यावर पेपर नाही वाचला काय?" मॅडमनी मोबाईलवर गाडीचा फोटो घेतला. "खरं बोलला असता तं म्हटलं असतं, दोन दिवसांत काढून आण. आता इथंच काढ. माह्यासमोर. अन् उद्या पडदा लावला, टॉवेल लावला, तं पुन्हा हाय मीच इथं."

उन्हानं डिंक नरम झाला होता. टरटर करत एकेका काचेवरची फिल्म निघाली. दोन ऑटोवाले सल्ला द्यायला आले, एक जण उसाच्या रसाचा ग्लास घेऊन नुसता पाहत उभा राहिला. वीस मिनिटांनी गाडी न्हाणीतून तशीच बाहेर आलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

बादल हा पुसदकडच्या तांड्यावरचा. बाप पूनमसिंग शेती करतो, याडी, म्हणजे आई, हंसाबाई शेतीही करते आणि बापाला सांभाळतेही. बादलनं आधी सहा वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. तिच्यात चौदा माणसं, दोन शेळ्या आणि कंडक्टर नसलेल्या धंद्यातली सगळी भांडणं तो एकटा वागवायचा. भाऊंची नोकरी लागली तेव्हा तांड्यावर बुंदी वाटली गेली. लग्न ठरताना बायकोनं, पुष्पानं, एवढंच विचारलं होतं, की गाडीत एसी आहे का.

पहिलं वर्ष सरळ गेलं. मग भाऊ एका पहाटे न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण वॉकरशिवाय चालणं होईना. जिल्हा परिषदेची निवडणूक होईल होईल म्हणत पुढं जात होती. वॉकर ढकलत मांडवात शिरणारा उमेदवार लोकांना दिसू नये, असं भाऊंनी ठरवलं. मग लग्नाला, बारशाला, तेरवीला जायचं कोणी? गाडीनं. भाऊंनी बादलला पुसदला पाठवून काचांना मिळेल ती सगळ्यात काळी फिल्म लावून आणायला सांगितली.

हे तिघांनाच माहीत होतं. भाऊ, त्यांच्या पत्नी इंदुताई आणि बादल.

कामाची रीत बादलनं स्वतः बसवली. गाडी तोंड भिंतीकडे करून लावायची, म्हणजे समोरून कोणी डोकावत नाही. इंजिन बंद करायचं नाही. मागची काच दोन बोटं खाली म्हणजे भाऊ फोनवर आहेत. चार बोटं खाली म्हणजे पैशाचं पाकीट येणार. मयतीला काच बंद, कारण भाऊंना बघवत नाही. पाकीट द्यायला बादल आपल्या सीटच्या आणि दाराच्या फटीतून उजवा हात मागं घालायचा. त्या हातासाठी इंदुताईंनी त्याला भाऊंचे पांढरे पूर्ण बाह्यांचे शर्ट दिले होते. लोक तो हात हातात घेत, कपाळाला लावत. गेल्या राखीला एका गावात अकरा जणींनी त्याला राख्या बांधल्या. बादलला अकरा बहिणी आहेत आणि त्यांतली एकही त्याला ओळखत नाही.

संध्याकाळी इंदुताई विचारायच्या, "आज भाऊ कुठी कुठी गेले?" बादल सांगायचा. भाऊ पलंगावर टेकून मन लावून ऐकायचे, आपण कुठं कुठं जाऊन आलो ते. मध्येच विचारायचे, "मंग मी लवकर काहून निघालो?"

एक गोष्ट मात्र बादलनं या हजेरीत कधी सांगितली नव्हती.

बोरी अरबचे पुंडलिकराव पौषात गेले. तरुणपणी भाऊ आणि ते एकाच सायकलवर गावं फिरलेले. पुढं कोण बसायचं यावरून त्यांची रोज भांडणं होत. पुंडलिकराव सहा महिने खाटेवर होते, भाऊ भेटायला गेले नाहीत. तेराव्या दिवशी, तेरवीला, गाडी गेली. त्या दिवशी काच बंदच ठेवायची होती, पण पाकीटही द्यायचं होतं, म्हणून बादलनं चार बोटं उघडली. पुंडलिकरावांच्या पत्नी विमलताई आल्या. त्यांनी पाकीट घेतलं नाही, हातच धरला आणि सोडला नाही.

"भाऊ, रोज विचारत होते ते. गाडी वाजली का, बबन आला काय म्हने. मी म्हनो, येतील. सहा महिने म्हटलं." त्या काचेशी बोलत होत्या. "तुमाले काही राग होता काय त्यायचा? राग असन तं हात काढून घ्या, मी समजून घेईन. नसन तं एकडाव दाबा."

बादल सीटवर पिळलेला होता. खांद्यातून कळ निघत होती. त्यानं हात दाबला.

विमलताई निवांत घरात गेल्या. नंतर गावात त्यांनी सांगितलं, की भाऊ आत रडत होते.

आज त्याच विमलताईंच्या मुलीचं, सुरभीचं लग्न होतं, आणि बादलच्या गाडीत आता शेंबडं पोरही आरपार पाहू शकत होतं. बाकी कोणाला काय कळेल याची त्याला फिकीर नव्हती. त्या बाईला एक उत्तर मिळालं होतं, पाच महिने तिनं ते जपलं होतं, आणि ते उत्तर एका ड्रायव्हरचं होतं.

त्यानं भाऊंना फोन लावला.

"काचा गेल्या भाऊ."

"फुटल्या?"

"उघड्या झाल्या."

भाऊंना समजायला थोडा वेळ लागला. "मंग परत फीर बादल्या. सांगू, तब्येत बरी नव्हती. अन् खुर्ची जपून आन."

"हो," बादल म्हणाला. नाक्याच्या पुढं वळायला जागा होती. ती त्याला दिसली. तिच्यावरून गाडी सरळ बोरी अरबच्या रस्त्याला लागली.

या रस्त्यावर ती गाडी दिसली की हात वर व्हायचे. आजही झाले. पानठेल्यावरच्या एकानं हात अर्धा वर नेला, आत पाहिलं आणि त्याच हातानं डोकं खाजवलं. पुढच्या फाट्यावरचे एक म्हातारबा थेट खुर्चीला रामराम करून मोकळे झाले.

बोरीत मांडवाशेजारी बादलनं सवयीनं गाडी तोंड भिंतीकडे करून लावली. मग त्याच्या लक्षात आलं, की आता त्याचा काही उपयोग नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कार्यक्रमाच्या ठिकाणी खाली उतरला. बाहेर फार गरम होत होतं.

विमलताई मांडवाच्या तोंडाशीच होत्या. पदर सावरत त्या आल्या आणि मागच्या काचेपाशी उभ्या राहिल्या.

"भाऊ कुठी हायेत?"

"नाही आले काकू."

"अन् हे काय होय?"

"खुर्ची होय."

"आहेरात पाठवली काय?"

"नाही नाही. घरची हाय."

विमलताईंनी खुर्ची नीट पाहिली. तिचा उपयोग त्यांच्या ध्यानात आला. पुंडलिकरावांसाठीही तशीच आणली होती.

"तेरवीले तं आलते भाऊ," त्या म्हणाल्या.

इथं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बादलनं मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.

"तेरवीलेही नव्हते काकू. मीच होतो."

मांडवात बँडवाल्यानं ताशा बडवायला घेतला. तो थांबेपर्यंत दोघं उभे होते.

"हात दाखव," विमलताई म्हणाल्या.

बादलनं उजवा हात पुढं केला. त्यांनी तो उलटा-पालटा केला, बोटाच्या मुळाशी घट्टे पडले होते ते अंगठ्यानं दाबून पाहिले.

"तवाच म्हटलं मी, सभापतीच्या हाताले ग्रीसचा वास कायचा येते. मंग वाटलं, म्हातारपनी गाडी शिकून राह्यले असन." त्यांनी हात सोडला. "अन् दाबला कोनं?"

"मीच."

"तू कायले दाबला? तू तं ओळखतही नव्हता आमाले."

"राग नसन तं दाबा म्हटलं तुमी. मले खरंच राग नव्हता काकू."

विमलताईंना हसू आलं आणि ते आलं याचाच त्यांना राग आला. "बेशरम!" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले सांगितलं मी, भाऊ रडत होते म्हनून. रडत होता काय तू तरी?"

"नाही. खांदा दुखून राह्यला होता."

"मंग भाऊले राग होता का नव्हता?"

"नव्हता." बादलनं इकडंतिकडं पाहिलं. या एका वाक्यात नोकरी जाऊ शकत होती, म्हणून ते त्यानं हळू आवाजात सांगितलं. "मांडीचं हाड मोडलं त्यायचं. वॉकर घेऊन चालतात. लोकायनं पाहू नये म्हनून कुठीच उतरत नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् एवढ्यासाठी माह्या मानसानं सहा महिने दाराकडे पाह्यलं?"

विमलताई गाडीच्या उघड्या काचेला टेकून उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर होतं, मांडवातून कोणीतरी त्यांना अक्षता द्यायला हाक मारत होतं. दुसऱ्या हाकेला त्या "आले" म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

बादलनं खिशातलं पाकीट काढलं. त्यांनी ते दोन बोटांनी परत सारलं.

"ठेव. भाऊच्या हातानं घेईन. अन् त्यायले सांग, बोलू नका, रडू नका, वॉकर आना नाही तं खाटेवर बसून या. थो हात तेवढा बाकी हाय तुमचा. या पोरानं देला, थो मी धरत नाही."

"सांगतो."

"सांगजो. आता चाल, जेवून घे. शर्ट तं भाऊचाच दिसते."

"हो."

"ढिला होते तुले."

पंगतीत त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वांग्याची भाजी वाढणाऱ्याला म्हणाल्या, "याले घाल अजून, दोन वर्षांचं उपाशी हाय हे." आतापर्यंत चारशे लग्नांना हजर राहिलेल्या बादलनं त्या दिवशी पहिल्यांदा एका लग्नाची बुंदी खाल्ली. मठ्ठा तीनदा घेतला. नवरीला आशीर्वाद द्यायला गेला तेव्हा सुरभीनं विचारलं, हे कोण. विमलताई म्हणाल्या, "तेरवीले आलते हे."

संध्याकाळी इंदुताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज भाऊ कुठी कुठी गेले. बादलनं नाक्यापासून पंगतीपर्यंत सगळं सांगितलं. हात दाबल्याचंही सांगितलं. पाकीट टेबलावर ठेवलं. इंदुताई पाकिटाकडे पाहत राहिल्या. भाऊ छताकडे.

"मंग तवा, दाबल्यावर काय म्हने वहिनी?" भाऊंनी विचारलं.

"बरं वाटलं म्हने."

"मंग झालं न."

"नाही झालं भाऊ. तुमचा बाकी हाय म्हनतात."

भाऊंनी विचारलं, की वांग्याच्या भाजीत तेल कसं होतं. पुंडलिकच्या घरी तेल नेहमी जास्त असायचं.

बादलची नोकरी गेली नाही. काचा तशाच उघड्या आहेत आणि नुसत्या गाडीला आता कुठं जाता येत नाही. त्यामुळं भाऊ स्वतःच बसतात. उतरत नाहीत, पण बसतात, आणि लोकांना दिसतात. दारव्ह्याला बैठका असतात, त्यामुळं बोरी अरब वाटेत लागतं. पहिल्यांदा बादलनं वेग कमी केला तेव्हा भाऊ म्हणाले, "ऊन हाय." दुसऱ्यांदा म्हणाले, "येताना पाहू," आणि येताना झोपले.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, "आता कोन्या गल्लीत हाय रे त्यायचं घर?"

बादलनं गाडी बाजूला घेतली आणि बोट दाखवलं. दोन घरं सोडून निळं फाटक. फाटकाला तीन पायऱ्या होत्या. भाऊंनी त्या मोजल्यासारखं केलं. पाकीट त्यांच्या खिशात होतं, वरून दिसत होतं.

"पुढच्या खेपेले," भाऊ म्हणाले.

बादलनं पहिला गिअर टाकला. भाऊ गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते, हे विमलताईंना त्यानं अजून कळवलेलं नाही.