शेजारणीची पोर

"शेजारनीची पोर हाय ती."

माझा नवरा पाहुण्यांना म्हणाला. नणंदेला बघायला आलेली माणसं ओटीवर चहा पीत बसली होती. आणि आमची चंद्रा बापाचा सदरा ओढत उभी होती. आमची. त्याची आणि माझी.

चंद्राला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सासूनेच ताट वाजवून ते ओळखलं होतं. पुढे त्याचा खेळ झाला. कुणी बाई घरी आली की सासू पोरीच्या पाठीमागे ताट बडवायची. पोर मान वळवायची नाही. बाया हसायच्या. "दगड जल्माला घातलास," सासू मला म्हणायची. मी बोंबील वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर जायची आणि तिथे रडायची.

नवरा मात्र कधी हसला नाही. म्हणून तो माझ्या बाजूचा, असं मी धरून चालले. आमच्या शिरगावच्या किनाऱ्यावर होडी दिसली की तिच्यावरचे पुरुष हातांनी बोलतात. वाऱ्यात ओरडून काय ऐकू जाणार? डोक्यावर हात गोल फिरवला की मासळी भरपूर, टोपल्या आणा. हात आडवे हलवले की जाळं रिकामं. सगळी वाडी हे वाचते. चंद्रा सगळ्यांच्या आधी वाचायची. बापाने होडीवरून हात फिरवला की ही माझ्या कडेवरून खिदळत हात फिरवायची. मुंबईच्या इस्पितळातून कानाचं मशीन आणलं, तेही त्यानेच. छातीवर डबी, कानात वायर.

पाहुणे यायच्या दिवशी सासू म्हणाली, "पोरीला त्या डबड्यासकट शेजारी बसव. असलं रगात हाय कळलं तर माज्या लेकीला कोन करील?"

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"येका दुपारचा तं सवाल हाय," तो म्हणाला.

मी ऐकलं. नणंदेचं वाईट व्हावं असं मलाही वाटत नव्हतं.

पण पोर ती पोर. शेजारच्या दारातून बाप दिसला आणि धावत आली. एका हाताने त्याचा सदरा ओढत दुसरा हात डोक्यावर गोल फिरवू लागली. पाहुण्याने विचारलं, "ही कोन?" बापाने तिचा हात धरून खाली दाबला. मग ते वाक्य बोलला.

सासूचं ताट मी सोसलं होतं. ती कधी माझी नव्हतीच. ह्याने केसाने गळा कापला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पदर खोचून ओटीवर आले, चंद्राला उचललं.

"शेजारनीची नाय. माजी हाय. तिला ऐकू येत नाय. आनि ह्यो तिचा बाप हाय."

पाहुण्यांनी कपबशा खाली ठेवल्या. सासू ऊर बडवू लागली. नवरा जमिनीकडे बघत राहिला.

सोयरीक मोडली. दोष माझा. माझा सख्खा भाऊदेखील म्हणाला, "गप ऱ्हायला तुजं काय जात व्हतं?" मग माहेरचीही आशा सोडली. चंद्राला घेऊन बोईसरजवळ सरावलीच्या एका चाळीत राहायला आले, कारखान्यात पॅकिंगला लागले. त्या चाळीत कुणी कुणाचं नात्याचं नव्हतं. "बिटिया को हमारे पास छोड़ जाओ," पलीकडची बाई आपण होऊन म्हणाली. पोरीला शेजारीण मिळाली ती अशी.

नणंदेचं दुसरीकडे लग्न झालं. मग नवरा आला. हातात पापलेटांची पिशवी.

"चल घरी. आता कोनापासून लपवायचं नाय."

चंद्राने हात गोल फिरवला. त्याचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू? पण लपवायची गरज संपली म्हणून तो न्यायला आला होता. उद्या दुसरी नणंद निघेल, दुसरी ओटी निघेल.

मी म्हटलं, "त्याच ओटीवर वाडी गोळा करा. समद्यांसमोर सांगा, ही माजी पोर हाय. मंग येतो आमी."

तो पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेला.

अजूनही तो मासळी पाठवतो. मी ती चाळीत वाटून टाकते. ओटी तिथेच आहे, वाडीही तिथेच आहे. त्याने अजून तोंड उघडलेलं नाही. तो उघडेपर्यंत त्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि माझी लेकही चढणार नाही.