एका दिवसाच्या पाच सकाळी

तोरलाइफच्या घरी त्या हिवाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा सकाळ व्हायची. थट्टा नाही, खरंच. ध्रुवाजवळच्या स्टाइनविकमध्ये नोव्हेंबर संपताना सूर्य एकदा डोंगरामागे गेला की जानेवारी सरत येईपर्यंत तोंड दाखवत नाही. दुपारी दोनेक तास आभाळ निळसर होतं, तेवढाच काय तो उजेड. अशात त्याच्या बायकोला, आसलाउगला, खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायची. जाग आली की खिडकीत काळोख आणि टेबलावर दिवा. म्हणजे सकाळच! मग ती कॉफी चढवायची, खिळ्यावरचा मोठा चमचा काढायची, कॉड माशाच्या काळजाच्या तेलाने तो काठोकाठ भरायची आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहायची.

"आ कर."

"अगं, पण..."

"नाटकं नकोत. आ!"

आणि एक्क्याऐंशी वर्षांचा तो आडदांड कोळी मुकाट्याने तोंड उघडायचा.

सुरुवातीला एकदा त्याने सांगून पाहिलं होतं. "घेतलंय गं मी. तूच दिलंस मघाशी." आसलाउगने चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चोरी करताना पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. ओट्याला धरून ती उभी राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "तोरलाइफ, माझं डोकं जातंय का रे?" त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. काय व्हायचं ते पोटाचं होवो, हा चेहरा पुन्हा बघायचा नाही.

खरं तर ह्या तेलाची त्याला उभ्या जन्माची किळस. चाळीस हिवाळे त्याने कॉडच्या मागे होडी घातली, हजारो मासे चिरले, काळजांची पिंपंच्या पिंपं भरली, पण लग्न होईपर्यंत थेंब कधी जिभेला लावला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आसलाउग चमचा घेऊन आली तेव्हा तो हसत सुटला होता. "दिवसभर ज्यात हात बुडवतो तेच आता तोंडात घालू?" ती हसली नाही. "आमच्या इंगाला मिळालं नाही," एवढंच म्हणाली. त्याने आ केला. त्याला आता चौपन्न वर्षं झाली.

इंगा ही तिची धाकटी बहीण. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने उत्तरेकडची गावं जाळली, तेव्हा आसलाउगच्या आईने दोन पोरींना घेऊन समुद्रकाठच्या कपारीत दिवस काढले. होडी नाही, मासा नाही, तेल नाही, आणि वर हा काळोख. दोन वर्षांच्या इंगाला आधीच मुडदूस झालेला, पाय धनुकलीसारखे वाकलेले. खोकल्याचं निमित्त झालं आणि पोर गेली. सात वर्षांच्या आसलाउगच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली: रोज एक चमचा मिळाला असता तर इंगा वाचली असती. खरं-खोटं देव जाणे. पण सप्टेंबर ते एप्रिल तिच्या घरातला एकही माणूस तेलावाचून राहिला नाही.

ख्रिसमसपर्यंत तोरलाइफची दशा झाली. अन्न पाहिलं की मळमळ, डोकं ठणकतंय, ओठ चिरलेले, तहान तर अशी की घागर पुरेना. त्यात तेल दुकानातलं नव्हे, धक्क्यावरून डबा भरून आणलेलं, घरी कढवलेलं, चांगलं जहाल. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"व्हिटॅमिन डी हिवाळ्यात घ्यायलाच हवं. पण तुम्ही काय, पिंपात तोंड घालून पिता का? असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. किती घेता?"

"एक चमचा."

"एका चमच्याने असं होत नाही."

"चमचा मोठा आहे," तोरलाइफ म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या मुलीला, मारितला, शहरात फोन लावला. आईच्या विसरण्याचं मारितला आधीच कळलेलं होतं, उरलेलं तिने ताडलं. रात्री तिचा फोन आला.

"बाबा, आईसाठी वृद्धाश्रमात एक जागा होतेय. मी बोलून ठेवलंय."

"तुझ्या आईला काहीही झालेलं नाही. ह्या अंधारात सगळ्यांचाच घोळ होतो."

"तू मरशील रे, बाबा!"

"सूर्य येऊ दे. उजाडायला लागलं की तिला सकाळ कुठली आणि दुपार कुठली ते कळेल. त्या दिवशी ये, डोळ्यांनी बघ, आणि मग बोल."

मारित कबूल झाली. आता त्याचं सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं. सूर्य यायला तीन आठवडे होते आणि तेवढे दिवस त्याला तग धरायचा होता. त्याने डब्यात स्वयंपाकाचं तेल भरून पाहिलं, तर आसलाउगने नुसतं हुंगलं आणि सगळं मोरीत ओतलं. "ह्यात मासा कुठाय? मला काय खुळी समजलास?" शेजारणीचं नाव विसरलेल्या बाईचं नाक मात्र शाबूत! मग तो तेल गालात धरून ठेवायला लागला आणि तिची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत थुंकायला लागला. दहा दिवसांत ते फुलझाड मेलं. शेवटी त्याने डबाच माळ्यावर लपवला. त्या दुपारी आसलाउगने सगळी कपाटं उपसली आणि अंगावरच्या घरातल्या कपड्यांनिशी बाहेर पडली. तो बर्फातून धापा टाकत धावला, तेव्हा ती धक्क्यावरच्या बंद शेडचं दार ठोठावत होती, पायांत नुसते मोजे. "तेल द्या हो कुणीतरी," ती ओरडत होती, "पोरगी राह्यलीय!" तिला पाठुंगळीला मारून त्याने घरी आणलं आणि डबा खाली काढून जागच्या जागी ठेवला. पोरगी कुठली, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

सूर्याच्या दिवशी सगळं गाव शाळेमागच्या चढावर जमलं. पोरांच्या हातात गोड पाव, म्हाताऱ्यांकडे कॉफीचे थर्मास. मारित आईचा दंड धरून उभी होती. साडेअकराच्या सुमारास दोन सुळक्यांच्या मधून सूर्याची कड वर आली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. आसलाउगच्या तोंडावर ऊन पडलं. तिने डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाली, "उजाडलं." तोरलाइफने मारितकडे असं पाहिलं की जणू तो सूर्य त्यानेच ओढून आणला होता.

घरी आल्यावर आसलाउगने चमचा काढला. मारितदेखत त्याने तो घेतला. एकच तर, तोही दिवसाउजेडी, चांगलंच आहे की! आसलाउग खुर्चीत कलंडली. वीस मिनिटांनी जागी झाली तेव्हा खिडकीत लख्ख उजेड होता. तोरलाइफ श्वास रोखून बसला. तिने खिडकीबाहेर पाहिलं, उठली, आणि खिळ्यावरचा चमचा काढला.

"आई, आत्ताच दिलंयस गं त्याला," मारितच्या तोंडून निघून गेलं.

आसलाउगने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. चमचा सांभाळत ती नवऱ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. असं ती कधी बसायची नाही. तिने मान वर केली आणि लाडीगोडी लावत म्हणाली, "घे गं इंगा. एवढा एकच. मग तुझे पाय सरळ होतील बघ."

तोरलाइफच्या मनात आलं: इतके दिवस पोट जाळून घेतलं ते कशासाठी? ही आपल्यासाठी करतेय, आपल्याला विसरली नाही, एवढ्या एका आधारावर. आणि हे चमचे कधीपासून आपले नव्हतेच की काय? लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा तरी आपला होता का? त्याला ओरडावंसं वाटलं, मी आहे, तोरलाइफ! पण चमचा तोंडासमोर होता.

"दे, ताई," तो म्हणाला आणि त्याने आ केला.

तेल त्याच्या तोंडात ओतून आसलाउगने चमचा खाली ठेवला. विजारीवरूनच त्याच्या नडग्या दोन्ही हातांनी चाचपल्या, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, पुन्हा एकदा. "झाले सरळ," ती म्हणाली. "आई, झाले बघ!" आणि ती रडली, अगदी पोटातून, सत्तर-बाहत्तर वर्षांचं साठलेलं. मग उठून तिने चमचा धुतला, पुसला आणि खिळ्याला लावला. दिवसभरात पुन्हा त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी तोरलाइफ मारितला म्हणाला, "त्या जागेचं विचार."

"बाबा, मी काही आजच..."

"विचार गं. ती ह्या घरात नाहीचे. मी एकटाच तिला धरून बसलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीने टेबलाशी येऊन बसला. आसलाउग आली, तिने कॉफी ओतून घेतली, पाव मोडला. चमचा खिळ्यावरच होता. तोरलाइफने बराच वेळ वाट पाहिली. मग स्वतःच तिच्याकडे तोंड करून त्याने आ केला आणि तसाच बसून राहिला. तिने कप खाली ठेवला आणि पाहुण्याला विचारावं तसं काळजीने विचारलं,

"दाढ दुखते का हो तुमची?"

"हो," तोरलाइफ म्हणाला. "थोडीशी."