अम्माने ठरवलेलं घरचं बाळंतपण

दवाखान्याला इतकी भिणारी आणि बाकी कशालाच न भिणारी बाई तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या आमच्या घरमालकिणीसारखी दुसरी होणे नाही. भटकी कुत्री, पोलीस, घरात शिरलेलं पावसाचं पाणी, सगळ्यांना ती एकाच आवाजात दरडावायची. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. मराठी तिची तंजावरकडची. "अस्के" म्हणजे सगळे, हे कळायलाच मला किती दिवस गेले. पण परभणीहून इतक्या लांब आलेल्या, आठवीतच शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला जिन्यात कुणी "काय गे" म्हणालं तरी भरून यायचं.

सहाव्या महिन्यात माझं ओटीपोटाखालचं हाड दुभंगतंय की काय, असं दुखायला लागलं. पहिलटकरणीने माहेरी जायचं, पण गाडीत तेवढा वेळ बसवणारच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधे सैल झालेत, कूस बदलताना गुडघे जुळवून वळा. हे मी अम्माला सांगितलं आणि संपलंच. दुपारी माझी खाट जरा करकरली की खालून छताला काठी आपटून आरोळी यायची, "गुडघे जुळव गे!" पुढे पुढे समोरच्या घरातल्या तमिळ बायकाही मला बघून हसत "गुडघे, गुडघे" म्हणायला लागल्या.

बाळंतपण घरीच, हे तिनेच ठरवलं. "माझे यजमान दवाखान्याला आपल्या पायाने गेले. आले काय?" मला तमिळ येत नव्हतं. कळा चालू असताना परक्या बोलीत कुणी ओरडलं तर काय, याचीच धास्ती. मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन बाळंतपण करणारी शिकलेली नर्सही तिनेच शोधली. नर्सची अट एकच, शेवटपर्यंत सगळं ठीक असलं तरच. मग तालमी सुरू झाल्या. एका रविवारी अम्मा स्वतःच चटईवर आडवी झाली, आणि माझ्या नवऱ्याने पाणी तापवायला उशीर केला म्हणून अशी किंचाळली, की गल्लीतले लोक रिक्षा घेऊन दारात! सत्तरीच्या बाईला कळा! मी हसले, हसल्यामुळे दुखलं, आणि मग रडूच आलं. तशी ती उठून बसली. "भिऊ नको गे. मी आहे की तुझ्याजवळ."

नवव्या महिन्यात बाळ आडवं झालं. नर्स नाही म्हणाली. अम्मा वाद न घालता माझ्याबरोबर रिक्षात बसली. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र तिचा पाय पुढे पडेना. ऑपरेशन होऊन मुलगी झाली तोवर ती बाहेरच, वॉचमनच्या खुर्चीवर. आत माझा हात धरायला कुणी नव्हतं, आणि बाहेर तिचाही.

परवाच्या पावसाळ्यात तिच्या छातीत दुखलं. त्याच फाटकातून मी तिला आत नेलं. डोळे गच्च मिटून तिने माझा दंड धरला होता. "मला घराला ने गे."

"नेते अम्मा. उद्याच."

लगेच खरं मानलं तिने. दंड सोडला.

दुसऱ्या दिवशी आणलीच घरी. शववाहिकेत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. रस्ता फार खराब आहे आमच्याकडचा.