हिरवळीवर गट्टू बसण्याआधी

कॉलनीतल्या शेजाऱ्यांनो, मैदानातली हिरवळ पिवळी पडली म्हणून आपण सगळेच कुरकुरतो.

काल सभेत मी अर्धा तास बोललो. प्रत्येक वाढदिवसाला तिथे मांडव घालून आपणच ती काळी माती दाबली आहे, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, उद्या सकाळी सहाला मिळून जमिनीत भोकं पाडू, असं सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आज सकाळी सहाला मैदानात मी एकटाच होतो.

ओल्या मातीत वीतभर अंतरावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून भोकं पाडत राहिलो. दूध घेऊन जाणाऱ्या वहिनी थांबल्या.

"भाऊ, उंदरं शोधून राह्यले का?"

"गवताले हवा देऊन राह्यलो."

"मंग पंखा लावा ना," म्हणत त्या हसत गेल्या.

एक कोपरा पुरा झाल्यावर बादलीभर पाणी ओतलं. एरवी तासभर साचणारं पाणी लगेच जिरलं. ते दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. काल माइकसमोर एकटाच उभा होतो, तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आपण हिरवळ सुधारायला लागलो नाही, तर ठरल्याप्रमाणे रविवारी तिथे सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, बसतील. मग संध्याकाळी गवतावर बसणं कायमचं संपेल.

माझ्याकडे दोन सब्बली आहेत. उद्या सकाळी सहाला एकाने तरी येऊन दुसरी हातात घ्यावी.